सहावा मजला आला

४ मार्च, सोमवार

साहेबांनी आज सगळ्यांसमोर विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत तू नेमकं काय केलंस?" मला एकदम आठवेना. म्हणून ही वही. पुढच्या वेळी निदान वाचून तरी दाखवता येईल.

आमची कंपनी लिफ्टच्या आतला प्रोग्रॅम बनवते. दार उघड, दार लाव, वजन बघ, वर चल, दिवा लाव अशी त्यात चौसष्ट कामं आहेत, त्यांना आम्ही मेथड म्हणतो. साहेबांना आता बोलणारी लिफ्ट हवी आहे. एका नऊ मजली इमारतीत ती महिनाभर चालवून दाखवायची. पसंत पडली तर चाळीस इमारतींचा एक संघ आपल्या सगळ्या लिफ्ट आमच्याकडे सोपवणार आणि मी नोकरीत कायम होणार. नाही पसंत पडली तर... साहेबांनी ते वाक्य पुरं केलं नाही. पाणी प्यायले.

चौसष्ट मेथडींच्या आत शिरून प्रत्येकीत 'बोल' लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही. ते कोड लिहिणारा माणूस सोडून गेलाय, आणि एका जागी हात लावला की भलतीकडेच दुखतं. मी म्हणालो, इंटरसेप्टर लावू. दार, मोटर अशी प्रोग्रॅममधली प्रत्येक वस्तू 'कंटेनर' नावाचा भाग बनवून देतो. त्यालाच सांगून ठेवायचं की बाबा रे, वस्तू देताना तिच्या दाराशी एक इंटरसेप्टर बसवून दे. मेथडला हाक मारली की ती आधी त्याच्याकडे जाईल. आतल्या कोडला धक्का नाही.

"किती दिवस?"

"दोन," मी म्हणालो.

आमची टेस्टर हसली. तिचं काम आमच्या चुका शोधण्याचं. पण अजून चूक झालेलीच नसताना हसायचं काय कारण?

६ मार्च, बुधवार

दोन दिवस झाले. अजून आवाजच नाही. पैसे देऊन कलाकार आणायला साहेब तयार नाहीत. "तुझ्या घरी बोलणारं कुणी नाही का?" म्हणाले. आहे की. आत्या.

मी आत्याकडे राहतो. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. चौतीस वर्षं शाळेत भाषा शिकवली, लग्न केलं नाही, गेल्या वर्षी निवृत्त झाली. तेव्हापासून तिला चुका काढायला माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. परवा मी चिठ्ठीत "ऊशीर होईल" लिहिलं, तर संध्याकाळी 'ऊ'ला लाल गोल.

घरात सगळ्यात शांत जागा म्हणजे कपड्यांचं कपाट. आत्या आत रजयांमध्ये बसली, मी बाहेरून दार लावून धरलं. सगळ्या मेथडींची यादी तिच्याकडे दिली होती. चौसष्ट वाक्यं. 'दार उघडत आहे'पासून 'बोलून झालं'पर्यंत.

बाहेर आल्यावर घाम पुसत म्हणाली, "आता हे सगळं कोण बोलणार ते तरी सांग."

मी इंटरसेप्टर समजावला. "तुमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर शिपाई असायचा ना? कुणी आलं की आधी त्याच्याकडे. तो काय ते बोलणार, मग आत सोडणार."

"आणि नाही सोडलं तर?"

"सोडतोच गं."

"आमचा नाही सोडायचा," आत्या म्हणाली.

११ मार्च, सोमवार

लिफ्ट मुकी. कॉन्फिगरेशनची, म्हणजे नियमांची, फाइल तीनदा तपासली, काना-मात्रा चुकलेला नाही. शनिवार-रविवार त्यात गेले. आज टेस्टरनं दहा मिनिटांत शोधलं. जुन्या माणसानं दाराची वस्तू कंटेनरकडे मागितलीच नव्हती, परस्पर स्वतःच 'न्यू' लिहून नवी बनवून घेतली होती. जे कंटेनरच्या हातून गेलंच नाही, त्यावर तो बिचारा इंटरसेप्टर बसवणार कसा?

मी तिला म्हणालो, "मी तिथं पोचलोच होतो." ती "बरं" म्हणाली. दार, मोटर, वजन, दिवे, स्पीकर, सगळं कंटेनरमधून आणलं. नियम लिहिला: सगळ्या वस्तूंच्या सगळ्या मेथडींवर इंटरसेप्टर. हातचं राखायचं कशाला!

१२ मार्च, मंगळवार

हातचं राखायला हवं होतं.

सकाळी नऊला इमारतीत प्रोग्रॅम चढवला. तळमजल्यावर कामावर जाणाऱ्यांची गर्दी. लिफ्ट आली आणि आत्याच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "दार उघडत आहे." लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी मान झुकवली. मग लिफ्ट म्हणाली, "वजन बघितलं. दिवा बघितला. वजन बघितलं. दिवा बघितला." प्रोग्रॅम हे सेकंदाला चार वेळा बघतो, हे मी विसरलो होतो. एक जाडसर गृहस्थ आत चढले तेव्हा नेमकं "वजन बघितलं" आलं. ते उतरले आणि जिन्यानं गेले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण स्पीकरही आता कंटेनरमधूनच येत होता आणि 'बोल' हीसुद्धा मेथडच. म्हणजे एक वाक्य बोलून झालं की इंटरसेप्टरनं सांगायचं, "बोलून झालं." हे बोलणं झालं की पुन्हा, "बोलून झालं." ते झालं की...

"बोलून झालं. बोलून झालं. बोलून झालं."

एक बाई म्हणाल्या, "अगदी आमच्या सासूबाई."

सात मिनिटांनी प्रोग्रॅम आपोआप कोसळला. मग आपोआप सुरू झाला आणि म्हणाला, "दार उघडत आहे." मी मुख्य बटण बंद केलं.

आत्यानं घरी विचारलं, "कसा वाटला आवाज?"

"सगळ्यांनी ऐकला," मी म्हणालो.

१५ मार्च, शुक्रवार

जमलं! स्पीकर नियमातून वगळला. बाकीच्यांत फक्त लोकांच्या कामाच्या मेथडी ठेवल्या, एकूण सात. दार, मजले, जादा वजन. दोन दिवस सुरळीत चाललंय.

इमारतीच्या दाराशी तक्रारवही ठेवलीय. त्यात आज पहिली नोंद. अक्षर इतकं सुरेख की तक्रार आहे हे कळायला वेळ लागला.

"लिफ्ट म्हणते, 'सहावा मजला आला.' मजला जागचा हलत नाही. आपण येतो. दुरुस्ती व्हावी. – खोली क्रमांक ६०२."

चौकशी केली. ६०२ मध्ये एक निवृत्त मुद्रितशोधक राहतात. चाळीस वर्षं छापखान्यात पुस्तकांतल्या चुका काढल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी परगावी. इमारतीतले लोक त्यांना शुद्धिपत्र म्हणतात.

आत्याला वाचून दाखवलं. तिनं चष्मा काढला. म्हणजे प्रकरण गंभीर. "आपण 'स्टेशन आलं' म्हणत नाही? 'उन्हाळा आला', 'गाव आलं'? हा मनुष्य प्रवासात काय म्हणतो, 'मी स्टेशनास प्राप्त झालो'? चल, कपाट उघड."

सहाव्या मजल्याची फाइल वेगळी आहे, कोडला हात लावावा लागत नाही. म्हणून मी होकार दिला. सहाव्यावर आता ती म्हणते, "सहावा मजला आला. गाव येतं, स्टेशन येतं, तसा मजलाही येतो."

२० मार्च, बुधवार

६०२ची दुसरी नोंद. "युक्तिवाद मान्य. गाव आणि स्टेशन दोन्ही वर्षानुवर्षं येत आली आहेत, हे लक्षात घ्यायला हवं होतं. मात्र 'कृपया दार अडवू नये' हे सरकारी वाटतं. माणूस माणसाला असं म्हणतो का? ता. क. उच्चार निर्दोष."

आत्यानं ते चार वेळा वाचलं. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाली. चौतीस वर्षांत तिनं हे वाक्य कुणाला उद्देशून म्हटल्याचं मला ठाऊक नाही. पुन्हा कपाटात बसली. आता दार म्हणतं, "जरा आत सरका हं, दार लावतेय."

२२ मार्च, शुक्रवार

६०२: "'हं' फार छान."

यात तक्रार काय आहे मला कळेना. मी यादीत 'बंद' म्हणून टाकली. आत्या म्हणाली, वहीचं ते पान फाडून आण. मी म्हणालो, तो कंपनीचा दस्तऐवज आहे. मग फोटो तरी पाठव म्हणाली. पाठवला.

२६ मार्च, मंगळवार

आज ६०२ रागावलेत. "लिफ्ट म्हणते 'निघाले हं' आणि जागची हलत नाही. मग म्हणते 'वजन जास्त झालं'. निघाले म्हणून न निघणं हे खोटं बोलणं आहे. या आवाजाला खोटं शोभत नाही."

ही मात्र खरीच चूक. दोन इंटरसेप्टर आहेत, एक बोलणारा, एक वजन अडवणारा. कॉन्फिगरेशनमध्ये ज्याचं नाव आधी, तो आधी. मी बोलणारा आधी टाकला होता. दोन ओळींची अदलाबदल केली, संपलं. टेस्टर म्हणाली, "ही तक्रार लिहिणाऱ्याला आपल्याकडे नोकरीला घ्यायला हवं." मग म्हणाली, "तुझ्या आत्याला तो माणूस माहीत आहे का रे?" मी म्हणालो, "कसा असेल? ती तर त्या इमारतीत कधी गेलेलीच नाही."

रात्री जेवताना सांगितलं, चूक काढली. आत्या म्हणाली, "मी कालच त्यांना म्हटलं होतं, माझा भाचा नक्की दुरुस्त करेल." नोंद आजची, मग काल कसं म्हटलं? कामाच्या तंद्रीत माझेच वार चुकत असणार.

२९ मार्च, शुक्रवार

आत्या हल्ली चहात साखर कमी घालते. विचारलं तर म्हणाली, "ह्यांना गोड चालत नाही."

"कुणाला?"

"लोकांना," ती म्हणाली. "आजकाल."

वय झालं की बोलण्यात असं तुटकपण येतं. संध्याकाळी फिरायलाही जाते. तब्येतीला बरं. परवा साडेतीन तास फिरली.

१ एप्रिल, सोमवार

उद्या संघाच्या बाई लिफ्ट बघायला येणार आहेत. चाळीस इमारती त्यांच्या शब्दावर. साहेब म्हणाले, दार उघडण्याआधी एक छान घंटी वाजू दे. मी दाराचा इंटरसेप्टर नव्यानं लिहिला. घंटी, मग वाक्य. कोड इतकं नेटकं झालंय की त्याचा फोटो काढला. टेस्टर रजेवर आहे, पण एका घंटीला काय तपासायचं?

२ एप्रिल, मंगळवार

सगळं आहे तसं लिहितो.

अकराला पाच मिनिटं असताना नवा प्रोग्रॅम चढवला. अकराला साहेब, संघाच्या बाई आणि मी तळमजल्यावर उभे. लिफ्ट सहाव्यावर दार उघडं ठेवून उभी होती. बटण दाबलं. आकडे उतरत आले. पाच, चार, तीन. साहेबांनी टाय नीट केला. लिफ्ट आली. टिंग! "दार उघडत आहे."

दार उघडलं नाही.

टिंग! "दार उघडत आहे."

दार उघडत नाहीसं पाहून प्रोग्रॅम दर दहा सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करत होता आणि माझा इंटरसेप्टर दर दहा सेकंदांनी घंटी वाजवून वाक्य बोलत होता. बास. बोलून झाल्यावर मेथडला आत सोडायची एक ओळ असते. 'पुढे जा' एवढंच सांगायचं असतं. माझ्या नेटक्या कोडमध्ये सगळं होतं, तेवढी ती ओळ नव्हती. दाराला दार उघडायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आत कुणी आहे का?" संघाच्या बाईंनी विचारलं.

आतून पुरुषाचा आवाज आला, "आहोत. दोघं."

आणि मग बाईचा, "सावकाश होऊ दे! आम्हाला घाई नाही!"

हा आवाज आणि "दार उघडत आहे"चा आवाज एकच होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, लिफ्ट आता स्वतःच्या मनानं बोलायला लागली.

ती आत्या होती. इथं काय करत होती देव जाणे. मला डबा द्यायला आली असेल म्हणावं, तर डबा माझ्याच पिशवीत. आणि आली असेलही, पण सहाव्या मजल्यावरून खाली कशी? चुकीचं बटण दाबलं गेलं असणार.

मी पायरीवर बसून लॅपटॉप उघडला. घाईघाईत पासवर्ड चार वेळा चुकला आणि पाचव्यांदा त्यानं मला पंधरा मिनिटं बाहेर काढलं. मेकॅनिकला फोन केला, तो रस्त्यात अडकलेला. टेस्टरला फोन केला.

"पुढे जा लिहिलंयस का?" तिनं पहिलाच प्रश्न विचारला. ती दाताच्या डॉक्टरकडे होती, तोंडात कापूस.

टिंग! "दार उघडत आहे." आतून हसण्याचा आवाज. दोघंही हसत होते. मनावर ताण आला की माणसं अशी हसतात, मी कुठंतरी वाचलंय.

अडतीस मिनिटांनी ती एक ओळ लिहून प्रोग्रॅम पुन्हा चढवला. टिंग! "दार उघडत आहे." आणि उघडलं.

आत वर्तमानपत्र अंथरून आत्या आणि एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. बिचारी इतकी घाबरली होती की तिनं त्यांचा हात घट्ट धरला होता. चेहरा लालबुंद.

"'अडकलोत' हे बोलीतलं रूप आहे," ते म्हणत होते. "लिहिताना 'अडकलो आहोत'."

"बोलतानाच बोलतोय ना आपण?" आत्या म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. मी, साहेब, संघाच्या बाई, मागं बारा-पंधरा रहिवासी.

"अगंबाई," ती म्हणाली, "एवढ्यात?"

आणि ते गृहस्थ मला म्हणाले, "जरा लावता का दार? मुद्दा संपायचाय."

३ एप्रिल, बुधवार

साहेबांनी मला खोलीत बोलावलं. मी राजीनामा लिहूनच नेला होता. त्यांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "संघाच्या बाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, मी वीस वर्षं लिफ्ट बघतेय. माणसं अडकली की किंचाळतात, दार बडवतात. तुमच्या लिफ्टमध्ये अडकलेली माणसं बाहेर यायला तयार नव्हती. हा आवाज आम्हाला चाळीसही इमारतींत हवा."

मी राजीनामा उचलून खिशात घातला.

"तुला कायम करतोय," साहेब म्हणाले. "पण टेस्टरनं बघितल्याशिवाय पुन्हा काही चढवलंस तर तुलाच त्या लिफ्टमध्ये बसवेन आणि ती ओळ मी स्वतः काढेन."

आनंदात घरी आलो आणि आत्याला सांगितलं. तिनं पाठीवर हात फिरवला. म्हणाली, "बस. मलाही सांगायचंय. मी लग्न करतेय."

मी विचारलं, "कुणाशी?"

तिनं चष्मा काढला. म्हणाली, "तुला खरंच कळलं नाही?"

मग सगळं सांगितलं. 'हं'च्या नोंदीनंतर ती वही स्वतः बघायला गेली होती. ते तिथंच उभे होते, पेन उघडून. तिनं "चहा घ्याल का" विचारलं तर ते म्हणाले, "घेईन, पण 'का' नको, 'चहा घ्याल?' पुरे." तिथून पुढं रोज. बाबांना तिनं फोनही केला होता. ते म्हणाले, "तुझ्या चुका काढणारा माणूस मिळाला? आणि अजून जिवंत आहे?"

टेस्टरला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "हो, मला २६ तारखेलाच कळलं होतं." मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, "तूच सगळं सांगत होतास रे."

ही वही मागं जाऊन वाचली. साखरेचं तर मीच माझ्या हातानं लिहिलंय.

७ एप्रिल, रविवार

आत्या महिन्याभरात ६०२ मध्ये राहायला जाणार. हे घर मला वापरायला देते म्हणाली, अट एवढीच की चिठ्ठ्या नीट लिहायच्या. चिठ्ठ्या लिहायच्या कुणाला, हे मी विचारलं नाही. दिवसभर नीट जेवलो नाही. एकोणतिसाव्या वर्षी माणसानं आत्या लांब जाते म्हणून हिरमुसणं बरं नाही, हे कळतं. लांब म्हणजे चालत बारा मिनिटं.

१० मे, शुक्रवार

लग्न झालं. झालं एकदाचं, असंच म्हणायला हवं.

नोंदणी कार्यालयात आमची वेळ साडेअकराची. कारकुनानं छापील अर्ज पुढं केला. दोघांनी एकदमच पेनं काढली, तिचं लाल, त्यांचं हिरवं. अर्जात अकरा चुका निघाल्या. 'विवाहीत' मधली दीर्घ ई दोघांना एकाच क्षणी सापडली आणि दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"अर्ज सरकारचा आहे," कारकून म्हणाला. "त्यावर खुणा करायच्या नाहीत."

"मग सरकारनं चुका करायच्या नाहीत," आत्या म्हणाली.

अर्ज बाद झाला. दुसरा आणला. तोवर जेवणाची सुट्टी. आम्ही बाकावर बसून राहिलो. अडीचला दुसरा अर्ज. या वेळी पेनं मी माझ्या खिशात ठेवली आणि सही करण्यापुरती दिली.

मग माझी पाळी आली. मी साक्षीदार. रकाना होता: 'वराचे साक्षीदाराशी नाते'. मी 'काका' लिहायला घेतलं.

"काका म्हणजे वडिलांचा भाऊ," ते हळूच म्हणाले. "आत्याचा नवरा तो आतोबा."

"लग्न अजून लागलेलं नाही," आत्या म्हणाली. "साक्षीदाराची सही आधी, लग्न नंतर. या क्षणी तुम्ही त्याचे आतोबा नाही. आतोबा लिहिलं तर ते खोटं होईल."

"मग मी या क्षणी याचा कोण?"

"कुणीच नाही."

"कुणीच नाही असं कसं लिहील तो? वराचं नातं विचारलंय!"

कारकुनानं डोकं हातात धरलं. मागं आणखी दोन जोडपी उभी होती. त्यातली एक नवरी रडवेली झाली होती. दोघं माझ्या दोन खांद्यांवरून त्या रिकाम्या रकान्याकडे बघत होते, आणि एवढी वर्षं या घरात लाल गोल मिळवलेला मी, पेन हातात धरून बसलेलो.

मग मी लिहिलं: 'होऊ घातलेले आतोबा'.

दोघांनी ते वाचलं. त्यांनी चष्मा वर करून पुन्हा वाचलं. आत्याचे ओठ हलले.

दोघांनाही चूक सापडली नाही.